थर्मल कॅमेऱ्यातील रंग आणि खरे तापमान

वैद्याच्या परीक्षेत स्पर्शाचे स्थान मोठे आहे. अष्टांगहृदयाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध रोगिपरीक्षा सांगितली. योगरत्नाकराने अष्टविध परीक्षेत स्पर्शाची स्वतंत्र गणना केली. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात स्पर्शपरीक्षेचे विवेचन करताना एक महत्त्वाचा बारकावा नोंदविला आहे. रोग्याच्या शरीराला स्पर्श करणारा हात स्वतः प्रकृतिस्थ असला पाहिजे. नुकत्याच ऊन पाण्यातून काढलेल्या हाताला रोग्याचे अंग थंड भासते, माठावर ठेवलेल्या हाताला तेच अंग तापलेले वाटते. परीक्षेचे साधन बिघडलेले असेल तर परीक्षेचा निष्कर्षही बिघडतो, हा या सूचनेचा अर्थ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेला थर्मल कॅमेरा हेदेखील स्पर्शपरीक्षेचे, किंबहुना दुरून केलेल्या स्पर्शाचे, साधन म्हणता येईल. एके काळी हे उपकरण वीजकेंद्रे, पोलादाचे कारखाने आणि सैन्यदल यांच्यापुरते होते. २०१४ पासून मोबाइलला जोडता येणारे छोटे थर्मल कॅमेरे बाजारात आले आणि किमती बऱ्याच उतरल्या. २०२० च्या साथीत दुकानांच्या, कार्यालयांच्या दारांवर दुरून ताप मोजणारी उपकरणे सर्वांच्या परिचयाची झाली. आज आपल्या व्यवसायातील काही चिकित्सालयांत व औषधशाळांत असा कॅमेरा दिसू लागला आहे. पडद्यावर लाल-पिवळे-निळे चित्र उमटते, पाहणारा प्रभावित होतो आणि लाल दिसते तेथे उष्णता, निळे दिसते तेथे शीतता, असा सरळ अर्थ लावून मोकळा होतो.

हा अर्थ पुष्कळदा चुकीचा असतो. चित्रातील रंग कॅमेऱ्याच्या मांडणीवर, म्हणजे त्यात भरलेल्या आकड्यांवर, अवलंबून असतात. त्यातही जळगाव व धुळे जिल्ह्यांत, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि भिंती, फरशा, पत्रे सारेच अंगाच्या तापमानाएवढे किंवा त्याहून अधिक तापलेले असतात, तेथे ही मांडणी न तपासता घेतलेल्या चित्रावर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. (या लेखातील सर्व अंश सेल्सिअस मापातील आहेत.)

कॅमेरा नेमके काय पाहतो?

सर विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचा पट्टा लोलकातून पाडून त्यातील रंगांचे तापमान मोजले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापकाचा पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार असे किरण बाहेर टाकत असतो. आपल्याकडे वापरात येणारे बहुतेक थर्मल कॅमेरे सुमारे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतात.

लक्षात ठेवण्याची पहिली गोष्ट अशी की, कॅमेरा तापमान मोजत नाही, तो आपल्यापर्यंत पोहोचलेले किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचे गणित करतो. दुसरी गोष्ट अशी की, तो केवळ पृष्ठभाग पाहतो. त्वचेखालचे अवयव, पातेल्यातील तेलाचा तळ, बरणीच्या आतील अवलेह यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. काच डोळ्यांना पारदर्शक असली तरी या किरणांना ती अपारदर्शक आहे. आसवाच्या काचेच्या बाटलीवर कॅमेरा रोखला तर मिळणारे तापमान काचेचे असते, आसवाचे नव्हे. याउलट पातळ पॉलिथिनमधून हे किरण बऱ्याच अंशी आरपार जातात.

उत्सर्जकता : कल्हई आणि काजळी

मांडणीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे उत्सर्जकता. आदर्श काळा पदार्थ जितके किरण बाहेर टाकील, त्याच्या किती पट किरण प्रत्यक्ष पदार्थ टाकतो, याचे हे गुणोत्तर होय. ते ० ते १ या दरम्यान असते. मानवी त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८, पाण्याची ०.९६ च्या आसपास, तर लाकूड, कागद, रंग दिलेली भिंत, वाळलेल्या वनस्पती यांची साधारणतः ०.९ च्या पुढे असते. चकचकीत धातूंचे प्रकरण निराळे आहे. घासून लख्ख केलेले तांबे, पितळ किंवा ताजी कल्हई यांची उत्सर्जकता ०.१ किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे असा धातू स्वतःचे किरण अगदी थोडे टाकतो आणि भोवतालचे किरण आरशासारखे परत पाठवतो.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते एका उदाहरणाने पाहू. पितळेचे लख्ख पातेले ९० अंशांवर तापलेले आहे, त्याची उत्सर्जकता ०.१ आहे आणि खोलीचे तापमान ४० अंश आहे, असे समजू. कॅमेऱ्यात उत्सर्जकता नेहमीप्रमाणे ०.९५ ठेवली, तर ढोबळ गणिताने पडद्यावर ४६-४७ अंश एवढेच तापमान दिसेल. हात भाजून निघेल असे पातेले चित्रात कोमट ठरेल. नव्या कामगाराने त्या आकड्यावर विसंबून पातेले उचलले तर काय होईल, हे सांगावयास नको.

मग ०.१ हा आकडा भरावा काय? तत्त्वतः होय, व्यवहारात नाही. चकचकीत धातूची उत्सर्जकता घासण्याने, डागाने, तेलाच्या थराने सतत बदलते आणि इतक्या लहान आकड्यात थोडीशी चूकही उत्तर पार बिघडवते. सोपा उपाय आपल्या भट्टीवरच उपलब्ध आहे. त्याच पातेल्याच्या बाहेरील बाजूस जेथे काजळीचा पक्का थर बसला आहे, तेथील उत्सर्जकता ०.९५ च्या जवळपास असते. मोजमाप तेथे घ्यावे. भांडे स्वच्छ असेल तर ते थंड असताना त्यावर उष्णता सोसणाऱ्या मंद काळ्या रंगाचा छोटा ठिपका द्यावा अथवा फार तापमान नसल्यास काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी आणि उत्सर्जकता ०.९५ ठेवून त्याच ठिपक्याचे तापमान वाचावे.

त्वचेच्या बाबतीत मात्र सुदैवाने ही अडचण नाही. ०.९८ च्या जागी चुकून ०.९५ राहिले आणि खोली ३० अंशांच्या आसपास असली, तर फरक एक-दोन दशांश अंशांचाच पडतो. तथापि अंगावर तेल, लेप, मलम किंवा घाम असेल तर आपण त्वचा पाहत नसून तो थर पाहत असतो.

परावर्तित तापमान : पत्र्याचे छत आणि मोकळे आकाश

दुसरा आकडा परावर्तित तापमानाचा. पदार्थावरून परावर्तित होऊन येणारे भोवतालचे किरण वजा करण्यासाठी कॅमेऱ्याला भोवतालचे तापमान सांगावे लागते. अनेक कॅमेऱ्यांत ते आरंभी २० अंश धरलेले असते. थंड प्रदेशातील बंद खोलीत हे ठीक असेल, परंतु वैशाखातील भुसावळात किंवा शिरपुरात नव्हे. कमी उत्सर्जकतेच्या पदार्थाबाबत ही चूक सर्वाधिक भोवते.

हे तापमान काढण्याची रीत सोपी आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा तुकडा चुरगळून पुन्हा सपाट करावा, तो पुठ्ठ्यावर लावून तपासावयाच्या वस्तूसमोर, तिच्याच रोखाने धरावा. कॅमेऱ्यात उत्सर्जकता १ व अंतर ० ठेवून त्या कागदाचे सरासरी तापमान वाचावे. हाच आकडा परावर्तित तापमान म्हणून भरावा आणि मग उत्सर्जकता पूर्ववत करावी.

गोदामाच्या पत्र्याबाबत हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. आपल्याकडील अनेक औषधशाळांचे छत जस्ताच्या पत्र्याचे असते. त्यातील नवा, चकचकीत पत्रा आणि गंजलेला जुना पत्रा शेजारी शेजारी सारखेच तापलेले असले, तरी चित्रात नवा पत्रा थंड व जुना गरम दिसतो. आतून पाहताना नवा पत्रा खालच्या जमिनीचे प्रतिबिंब दाखवतो. बाहेरून पाहताना तो निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने निरभ्र कोरडे आकाश अतिशय थंड असते. भर दुपारी, हात टेकवता येणार नाही अशा पत्र्यावर कॅमेरा कमी तापमान दाखवतो, याचे कारण हेच. छताखाली गुग्गुळकल्प, वटी किंवा घृते ठेवावीत की नाही, हा निर्णय अशा चित्रावरून घेऊ नये. मालाच्या पातळीवर टांगलेला साधा, तपासलेला तापमापक येथे अधिक विश्वसनीय आहे. कॅमेऱ्याने पुठ्ठ्याच्या खोक्यांची पृष्ठे पाहावीत, कारण त्यांची उत्सर्जकता चांगली असते. कोणत्या रांगेला छताची धग लागते, हे त्यावरून उत्तम कळते.

रंगपट, पातळी आणि व्याप्ती

आता रंगांकडे वळू. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलला एक तापमान देतो आणि मग ठरावीक किमान व कमाल तापमानांच्या दरम्यान रंगांची वाटणी करतो. या दोन टोकांमधील अंतराला व्याप्ती आणि त्यांच्या मध्यबिंदूला पातळी म्हणता येईल. कॅमेरा ‘ऑटो’वर असताना ही टोके तो स्वतःच ठरवतो. चित्रात जे सर्वांत थंड ते निळे-काळे, जे सर्वांत उष्ण ते लाल-पांढरे.

याचे दोन विपरीत परिणाम होतात. चित्रात केवळ दोन तळपाय आहेत आणि त्यांत अवघा अर्ध्या अंशाचा फरक आहे, असे समजा. ‘ऑटो’ मांडणी तोच अर्धा अंश संपूर्ण रंगपटावर ताणते. एक पाय निळा, दुसरा लाल दिसतो. रुग्ण घाबरतो, वस्तुतः काहीच नसते. आता उलट पाहा. दोन पायांत अडीच अंशांचा, म्हणजे लक्षणीय, फरक आहे, परंतु मागे टेबलावर गरम चहाचा पेला राहिला आहे. चित्राची व्याप्ती २५ पासून ६० अंशांपर्यंत पसरते, अडीच अंशांचा वाटा त्यात चौदावा हिस्सा एवढाच उरतो आणि दोन्ही पाय एकाच रंगाचे दिसतात. पहिल्या चुकीत विनाकारण भीती निर्माण होते, दुसऱ्या चुकीत रोग नजरेतून निसटतो.

म्हणून परीक्षेच्या वेळी ‘ऑटो’ बंद करून टोके हाताने ठरवावीत व कुलूपबंद करावीत. तळपायांसाठी, उदाहरणार्थ, २४ ते ३६ अंश ही टोके ठेवता येतील. एकदा ठरविलेली टोके त्या रुग्णाच्या प्रत्येक भेटीस तीच राहिली पाहिजेत, अन्यथा मागील व आजच्या चित्राची तुलना निरर्थक ठरते. मोबाइलच्या काही कॅमेऱ्यांत टोके बांधता येत नाहीत. तेथे रंगांकडे दुर्लक्ष करून प्रत्येक स्थानाचा आकडाच वाचावा.

रंगपटाची निवडही विचारपूर्वक करावी. इंद्रधनुषी रंगपटात रंगांच्या सीमा ठळक असतात, त्यामुळे जेथे तापमान हळूहळू बदलते तेथेही तुटक पट्टे पडल्याचा भास होतो. काळ्या-पांढऱ्या रंगपटात किंवा काळ्यापासून जांभळ्या, केशरी व पिवळ्यापर्यंत क्रमाने उजळत जाणाऱ्या रंगपटात हा दोष कमी असतो. रंगपट बदलल्याने मोजलेले तापमान बदलत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे लाल रंगाचा धाक उरत नाही.

नंतर न सुधारणाऱ्या तीन गोष्टी

ज्या कॅमेऱ्यात चित्रासोबत प्रत्येक पिक्सेलचे तापमान साठवले जाते, त्यात उत्सर्जकता, परावर्तित तापमान, रंगपट, पातळी आणि व्याप्ती हे सारे नंतर संगणकावर बदलता येते. फोकस, अंतर आणि तापमानाची निवडलेली मर्यादा या तीन गोष्टी मात्र चित्र घेतानाच साधाव्या लागतात. अंधुक चित्रात उष्ण ठिपक्याचे किरण शेजारच्या पिक्सेलांत पसरतात आणि तो असेल त्यापेक्षा थंड दिसतो. अंतर वाढले की हीच चूक होते. मोजावयाच्या स्थानावर निदान तीन गुणिले तीन पिक्सेल बसले पाहिजेत. ८० गुणिले ६० पिक्सेलांच्या कॅमेऱ्याने दोन-तीन मीटरवरून पायाच्या बोटाचे तापमान घेऊ पाहणे व्यर्थ आहे. अशा कॅमेऱ्याने अर्ध्या मीटरच्या आसपास जवळ जावे. तिसरी बाब मर्यादेची. वस्तूचे तापमान निवडलेल्या मर्यादेच्या बाहेर असेल, तर दिसणारा आकडा ग्राह्य नसतो.

मधुमेही रुग्णाचे पाय

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे मुख्य कारण या परिच्छेदात आहे. मधुमेहात पायांची संवेदना नष्ट झाल्यावर रुग्णाला टाचेखाली खडा रुतल्याचे, चप्पल चावल्याचे किंवा तापलेल्या फरशीने भाजल्याचे कळत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, कापसाच्या शेतात, बाजार समितीच्या आवारात अनवाणी किंवा झिजलेल्या चपलांनी वावरणारे असे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात येतात. व्रण दिसण्यापूर्वी त्या जागी दाह सुरू झालेला असतो व तेथील त्वचा तापलेली असते. रुग्णाला ती जाणवत नाही. कॅमेऱ्याला ती दिसू शकते.

अमेरिकेत लॅव्हरी, आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २००४ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत डाव्या व उजव्या पायाच्या समान स्थानांच्या तापमानात ४ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २.२ सेल्सिअस अंशांहून अधिक फरक ही धोक्याची खूण मानण्यात आली. असा फरक आढळताच चालणे कमी करून पायाला विश्रांती देणाऱ्या रुग्णांत व्रणांचे प्रमाण घटल्याचे त्यांत दिसून आले. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या मार्गदर्शक सूचनांतही मध्यम व अधिक धोक्याच्या रुग्णांसाठी पायाचे तापमान नियमित पाहण्याचा विचार करावा असे म्हटले आहे. या अभ्यासांत साध्या स्पर्श-तापमापकाने सहा स्थाने तपासली गेली : अंगठा, पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाच्या मुळाशी असलेला उंचवटा, पायाचा मध्यभाग आणि टाच.

येथे एक शंका येईल. अनेक कॅमेऱ्यांची अचूकता अधिक-उणे २ अंश एवढीच असते, मग २.२ अंशांचा फरक त्यांनी कसा ओळखावा? याचे उत्तर असे की, एकाच चित्रात दोन्ही पाय असताना ही चूक दोन्हींना जवळजवळ सारखीच लागू होते आणि वजाबाकीत निघून जाते. सूक्ष्म फरक ओळखण्याची बहुतेक कॅमेऱ्यांची क्षमता एक दशांश अंश किंवा त्याहून चांगली असते. म्हणून एका चित्रातील डाव्या-उजव्याची तुलना विश्वसनीय, परंतु ‘या पायाचे तापमान ३३.९ अंश आहे’ हे सुटे विधान तितके विश्वसनीय नाही. दोन्ही तळपाय चित्राच्या मध्यभागी, समान अंतरावर व समान कोनात असावेत.

मात्र रुग्णाची तयारी नसेल तर ही तुलनाही फसते. पुढील दक्षता घ्याव्यात.

१) परीक्षा सकाळी, शक्यतो २२ ते २५ अंशांच्या खोलीत करावी. खोली ३८-४० अंशांवर असेल तर त्वचा व भोवताल यांतील भेद पुसला जातो आणि घामाने त्वचेचे तापमान बदलते. उन्हाळ्यात वातानुकूलित खोली नसेल तर परीक्षा पुढे ढकलणे श्रेयस्कर.
२) रुग्णाने पादत्राणे व मोजे काढून, पाय जमिनीला न टेकवता, १० ते १५ मिनिटे स्वस्थ बसावे.
३) कूलर किंवा पंख्याचा झोत पायांवर नसावा. कूलरच्या बाजूचा पाय एकटाच थंड होतो आणि निरोगी पाय तापलेला भासतो. आपल्याकडील चिकित्सालयांत ही चूक होणे अगदी संभवनीय आहे.
४) अभ्यंग, स्वेदन, लेप, अवगाह हे उपक्रम परीक्षेनंतर करावेत, आधी नव्हे.
५) उन्हातून चालत आलेल्या रुग्णाचे चित्र लगेच घेऊ नये.

समजा, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ३१.४ व उजवीकडे त्याच जागी ३३.९ अंश आढळले. फरक २.५ अंश. अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे व दुसऱ्या दिवशीही पाहावे. फरक कायम असेल तर त्या पायावरचा भार कमी करावा, पादत्राणे तपासावीत आणि रुग्णास शल्यचिकित्सकाकडे किंवा मधुमेही पायाच्या तज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. सूज, लाली, दुर्गंध, स्राव किंवा ज्वर असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

फरक आढळला नाही म्हणजे पाय निरोगी, असा निष्कर्ष मात्र कदापि काढू नये. दोन्ही पायांत दाह असेल तर फरक दिसणार नाही. रक्तपुरवठा खंडित झालेला पाय तापणारच नाही, उलट थंड राहील. म्हणून पायाच्या नाड्या हाताने तपासणे, बोटांच्या बेचक्यांत डोळ्यांनी पाहणे आणि संवेदना तपासणे, यांपैकी कशालाही कॅमेरा पर्याय नाही.

औषधशाळेतील उपयोग

विद्युत फलक व यंत्रे यांच्या देखभालीत थर्मल कॅमेऱ्याचा उपयोग फार जुना आणि निर्विवाद आहे. चूर्णाच्या पल्वरायझरची मोटर, बेअरिंग, पट्टा, फलकातील सैल जोडणी यांची धग ती जळण्यापूर्वी दिसते. येथेही तुलना हेच सूत्र आहे. सारखा भार वाहणाऱ्या तीन फेजांच्या जोडण्यांपैकी एकच अधिक तापली असेल तर तेथे दोष आहे. यंत्र पूर्ण भाराने चालत असताना पाहावे. तांब्याची उघडी पट्टी चकचकीत असल्याने तिच्याऐवजी शेजारच्या वायरचे आवरण पाहावे. टेप लावणे, फलक उघडणे ही कामे वीजपुरवठा बंद करून जाणकार तंत्रज्ञानेच करावीत. चूर्णाची धूळ असलेल्या जागी अशा एका तापलेल्या जोडणीतून आग लागू शकते, हे विसरू नये.

तैलपाकात कॅमेरा काही मदत करतो. क्वाथाचा जलांश शिल्लक असेपर्यंत पातेल्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास घुटमळते, तो संपू लागताच तापमान झपाट्याने वर चढते आणि मध्यम पाकाचा खरपाक व्हावयास वेळ लागत नाही. ही चढण कॅमेऱ्यावर दिसते. तथापि वाफ आणि फेस किरणांना अडवतात व कॅमेरा केवळ वरचा थर पाहतो. तेव्हा ढवळून, वाफ बाजूला सरल्यावर वाचन घ्यावे आणि त्याची सांगड बुडविलेल्या तापमापकाशी घालावी. पाकसिद्धीचा निर्णय कल्काची वर्ती होणे, अग्नीवर टाकता शब्द न होणे, तैलात फेन येणे व घृतात शमणे या शास्त्रोक्त लक्षणांवरच करावा.

वनस्पती वाळविण्याच्या कपाटात ताटांवरील द्रव्यांचे चित्र घ्यावे, स्टीलच्या भिंतींचे नव्हे. कोणते ताट जास्त तापते व कोणते ओले राहते, हे त्यावरून समजते, कारण ओलसर द्रव्य बाष्पीभवनामुळे थंड दिसते. पुटाच्या बाबतीत मात्र कमी किमतीच्या कॅमेऱ्याकडून अपेक्षा ठेवू नये. गजपुटाचा अग्नी अशा कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडचा असतो आणि गोवऱ्यांच्या आतील शरावसंपुट त्याला दिसतही नाही. तेथे उष्णता सोसणारा थर्मोकपलच हवा.

कॅमेरा प्रकृतिस्थ आहे ना?

प्रत्येक वापरापूर्वी कॅमेरा १० ते १५ मिनिटे सुरू ठेवावा. मध्येच टिक्‌ असा आवाज होऊन चित्र क्षणभर थांबते, तो आतील पडदा खाली येऊन कॅमेरा स्वतःला जुळवून घेत असल्याचा असतो. महिन्यातून एकदा घरगुती पडताळणी करावी. बर्फाचा चुरा व पाणी एकत्र घोटून घट्ट मिश्रण करावे, उत्सर्जकता ०.९६ ठेवावी व परावर्तित तापमान भरून वाचन घ्यावे. ते ० च्या आसपास, उत्पादकाने सांगितलेल्या अचूकतेच्या आत असले पाहिजे. दुसरे वाचन कोमट पाण्याचे घेऊन तपासलेल्या तापमापकाशी ताडावे. उकळत्या पाण्याने पडताळणी करू नये, कारण वाफ आड येते.

कॅमेऱ्याची स्वतःची कार्यमर्यादाही पाहावी. मोबाइलला जोडण्याच्या काही उपकरणांत ती ३५ अंशांपर्यंतच असते. एप्रिल ते जून या काळात आपल्याकडे ते उपकरण मोटारीत, खिडकीत किंवा भट्टीजवळ ठेवले तर त्याच्या वाचनाला अर्थ उरत नाही.

चित्राचा मोह

शेवटी एक नाजूक विषय. रंगीत चित्र दाखवून ‘येथे पित्त वाढले आहे’, ‘येथे आम साचला आहे’ असे रुग्णास सांगण्याचा मोह होऊ शकतो. दोषांचे निदान हे निदानपंचक व परीक्षा यांच्या साकल्याने होते. त्वचेच्या दोन अंशांच्या फरकाला एखाद्या दोषाचे नाव देण्यास शास्त्राधार नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे कर्करोगाच्या तपासणीसाठी अशा चित्रांचा वापर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट इशारा दिला की, थर्मल चित्र हे स्तनांच्या मॅमोग्राफीला पर्याय ठरू शकत नाही. स्तनात गाठ घेऊन आलेल्या भगिनीला ‘चित्रात काही नाही’ म्हणून परत पाठविणे म्हणजे तिच्या उपचारांचा मोलाचा काळ वाया घालविणे होय.

ज्वरपरीक्षेबाबतही हेच. २०२० मध्ये दारावर कपाळाचे तापमान घेतले जाई, तेव्हा उन्हातून आलेला निरोगी मनुष्य ज्वरित ठरे आणि घामाने कपाळ भिजलेला ज्वरित मनुष्य सुटून जाई. थर्मल चित्राने ज्वर पाहावयाचाच असेल तर डोळ्याच्या आतील कोपऱ्याचे तापमान, चष्मा काढून, एका वेळी एकाच व्यक्तीचे घ्यावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे आणि शंका आल्यास तापमापकानेच खात्री करावी लागते.

सारांश, थर्मल कॅमेऱ्याचे चित्र रुग्णपत्रिकेस किंवा औषधशाळेच्या नोंदवहीस जोडताना त्याखाली काही आकडे अवश्य लिहावेत : उत्सर्जकता, परावर्तित तापमान, अंतर, रंगपटाची दोन टोके आणि खोलीचे तापमान, शिवाय दिनांक व वेळ. हे आकडे नसलेले चित्र पुढच्या भेटीस तुलनेसाठी उपयोगी पडत नाही आणि दुसऱ्या वैद्याला ते वाचताही येत नाही. ही नोंद करावयास एक मिनिट लागते. ज्या रुग्णाला स्वतःच्या पायाची आग कळत नाही, त्याच्यासाठी ते एक मिनिट आपण द्यावयास हवे.